तेजाची चाहूल

कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत, शाहूवाडी तालुका वसला आहे. आषाढ लागला की मलकापूरपासून आंबा घाटापर्यंत आणि तिकडे विशाळगडाच्या रानापर्यंत दाट धुके उतरते. सरीमागून सरी कोसळतात, कडवी नदी दुथडी भरून वाहू लागते आणि कित्येक दिवस सूर्याचे दर्शन घडत नाही. अशा दिवसांत घराच्या अंधाऱ्या पडवीत एखादे रोपटे ठेवलेले राहिले, तर चार-आठ दिवसांनी एक नवल दृष्टीस पडते. त्या रोपट्याचा शेंडा भिंतीतील लहानशा झरोक्याकडे झुकलेला असतो. त्याला डोळे नाहीत. तरीही उजेड कोणत्या बाजूस आहे, हे त्याला कळलेले असते. पायवाटेच्या कडेला वाढणारे लाजाळूचे झुडूपही तसेच. स्पर्श होताच ते पाने मिटते, हे तर सर्वांच्या ठाऊक असते. पण रात्र पडली की ते आपोआप पाने मिटते आणि उजाडले की पुन्हा उघडते.

ही नवले पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिली. मात्र डोळे नसलेल्या वस्तूला प्रकाशाची चाहूल लागते तरी कशी, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात आला. ज्यांच्या मनात तो आला आणि ज्यांनी तो आयुष्यभर सोडला नाही, अशांपैकी एक म्हणजे थोर भारतीय शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस. त्यांनी हा प्रश्न झाडांना तर विचारलाच, परंतु त्याआधी तो एका काळ्या चकचकीत दगडाला विचारला.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858 रोजी बंगालमधील मैमनसिंह येथे झाला. त्यांचे मूळ घराणे विक्रमपूर परगण्यातील राढीखाल गावचे. हा सारा प्रदेश आज बांगलादेशात आहे. त्यांचे वडील भगवानचंद्र हे सरकारी न्यायाधिकारी होते. त्या काळी अशा अधिकाऱ्यांची मुले इंग्रजी शाळेत जात. इंग्रजी शाळेत जाणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. भगवानचंद्रांनी मात्र आपल्या मुलास प्रथम गावच्या बंगाली शाळेत घातले. आपल्या मुलाला आधी स्वतःची भाषा आणि स्वतःची माणसे कळली पाहिजेत, असे त्यांचे मत होते. त्या शाळेत जगदीशचंद्र शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या मुलांबरोबर एका पंगतीत बसत. ती मुले त्यांना पाखरांच्या, जनावरांच्या आणि पाण्यातील जीवांच्या गोष्टी सांगत. सृष्टीविषयीचे पहिले कुतूहल त्यांच्या मनात येथेच रुजले.

पुढे कलकत्त्याच्या सेंट झेवियर कॉलेजात फादर लाफों यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. लाफों पदार्थविज्ञानाचे प्रयोग इतक्या हौसेने करून दाखवीत की विद्यार्थ्यांना त्या विषयाची गोडी लागल्यावाचून राहत नसे. 1880 साली जगदीशचंद्र वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. परंतु त्यांना वारंवार ताप येत असे आणि शवविच्छेदनाच्या खोलीतील उग्र वासाने तो बळावत असे. अखेर वैद्यकशास्त्राचा नाद सोडून त्यांनी केंब्रिजच्या क्राइस्ट कॉलेजात प्रवेश घेतला आणि निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञाचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. 1884 साली पदवी घेऊन ते मायदेशी परतले.

1885 साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या वेळी एकच काम करणाऱ्या युरोपीय आणि हिंदी प्राध्यापकांना सारखे वेतन मिळत नसे. हिंदी माणसाला दोन तृतीयांश पगार देत. त्यातही जगदीशचंद्रांची नेमणूक हंगामी असल्यामुळे त्यांच्या वाट्याला अवघा एक तृतीयांश पगार येणार होता. तरुण प्राध्यापकाला हा अन्याय सहन झाला नाही. पण त्यांनी आरडाओरडा केला नाही किंवा नोकरीही सोडली नाही. ते नेमाने वर्गावर जात, मन लावून शिकवीत आणि पगार मात्र हाती घेण्यास नकार देत. असे एक-दोन महिने नव्हे, तब्बल तीन वर्षे चालले. घरात पैशाची ओढाताण होती. 1887 साली अबला दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. तरीही त्यांचा निश्चय ढळला नाही. शेवटी सरकारला नमते घ्यावे लागले. त्यांची नेमणूक कायम झाली आणि मागील सर्व काळाचा पूर्ण पगार त्यांना एकरकमी मिळाला.

मान मिळाला, परंतु संशोधनाची साधने मिळाली नाहीत. कॉलेजात संशोधनासाठी प्रयोगशाळा अशी नव्हतीच. जगदीशचंद्रांनी एका अगदी लहान खोलीत आपले काम मांडले. एका देशी कारागिराला हाताशी धरून ते आपल्या कल्पनेप्रमाणे उपकरणे घडवून घेत. दिवसभर अध्यापनाचे काम आणि उरलेल्या वेळात संशोधन, असा त्यांचा क्रम असे. 1894 साली, वयाच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, यापुढचे आयुष्य संशोधनाला वाहून घेण्याचा संकल्प त्यांनी केला.

त्या सुमारास युरोपात विद्युत्‌लहरींचा बोलबाला होता. हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने या अदृश्य लहरी प्रयोगाने सिद्ध करून दाखविल्या होत्या. प्रकाश आणि विद्युत्‌लहरी या एकाच जातीच्या आहेत. फरक आहे तो केवळ लहरींच्या लांबीचा, ही गोष्ट त्यामुळे स्पष्ट झाली. मात्र लांब लहरींवर प्रयोग करण्यास मोठी जागा आणि अवजड उपकरणे लागत. जगदीशचंद्रांची खोली तर लहान! त्यांनी अडचणीतूनच वाट काढली. अवघ्या पाच मिलिमीटर लांबीच्या लहरी त्यांनी निर्माण केल्या. त्यामुळे सारे उपकरण एका मेजावर मावू लागले. या इवल्या लहरी प्रकाशाप्रमाणेच परावर्तित होतात आणि वळतात, हे त्यांनी दाखविले. तागाचे तंतू पिळून या लहरींवर त्यांचा काय परिणाम होतो, हेही त्यांनी तपासले. 1895 साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भरसभेत प्रयोग केला. एका खोलीतून निघालेल्या अदृश्य लहरी भिंतींच्या आरपार गेल्या, पलीकडच्या खोलीत घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला.

लहरी पाठविणे एक आणि त्या आल्या हे ओळखणे दुसरे. खरी कठीण कामगिरी होती ती ओळखण्याची. त्या काळच्या ग्राहक यंत्रात काचेच्या नळीत लोखंडाचा कीस भरलेला असे. लहर येऊन पोहोचली की कीस एकमेकांस चिकटे आणि त्यातून वीज वाहू लागे. परंतु एकदा चिकटलेला कीस मोकळा करण्यासाठी प्रत्येक वेळी नळीला टिचकी मारावी लागे. त्यातून दमट हवेत लोखंड गंजे, ते निराळेच. जगदीशचंद्रांनी किसाऐवजी पोलादी स्प्रिंगा वापरल्या, पुढे लोखंड आणि पारा यांचा संयोग करून पाहिला आणि मग एकेक धातू घेऊन शेकडो प्रयोग केले. तेव्हा एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. लहर आली म्हणजे सर्वच धातू चिकटतात असे नाही. पोटॅशियमसारख्या धातूत परिणाम अगदी उलट होतो. विजेचा प्रवाह वाढण्याऐवजी घटतो. याचा अर्थ काय? हे काम धातूच्या पोटात होत नाही. दोन तुकडे जेथे एकमेकांना टेकतात, तेथील वरच्या अत्यंत पातळ थरातच सारे काही घडते. म्हणून चिकटण्याच्या जुन्या कल्पनेऐवजी त्यांनी विद्युत्‌स्पर्शाची कल्पना मांडली.

हाच धागा धरून ते गॅलेना या खनिजाकडे वळले. शिसे आणि गंधक यांच्या संयोगाने बनलेला हा दगड काळसर, जड आणि आरशासारखा चकाकणारा असतो. गॅलेनाचे दोन टोकदार तुकडे एकमेकांस हलकेच टेकवावेत, त्यांतून विजेचा बारीक प्रवाह सोडावा आणि प्रवाह मोजणारे यंत्र जोडावे, एवढीच त्यांची मांडणी होती. परंतु तिचा परिणाम अद्भुत होता. विद्युत्‌लहर आली की यंत्राचा काटा हलत असे. आणि त्या टेकलेल्या जागी प्रकाशाचा किरण पडला तरीही काटा हलत असे. लहर थांबली की दगड आपोआप पूर्वस्थितीवर येई. टिचकीची गरजच उरली नाही. मनुष्याचा डोळा ज्या किरणांना पाहू शकतो त्यांना तर तो दगड ओळखत होताच, परंतु डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांनाही ओळखत होता. जगदीशचंद्रांनी या उपकरणास कृत्रिम नेत्रपटल मानले आणि संस्कृतातील तेज या शब्दावरून त्यास तेजोमीटर असे नाव दिले.

त्या दगडात नेमके काय घडत होते, याचा पुरता उलगडा त्या काळी होणे शक्य नव्हते. इलेक्ट्रॉनचा शोध 1897 साली नुकताच लागला होता. आज मात्र ती गोष्ट शाहूवाडीच्या भातखाचराच्या दाखल्यानेही समजून घेता येते. डोंगरउतारावर एकाखाली एक खाचरे असतात. वरच्या खाचरात पाऊस कितीही पडला, तरी पाणी खालच्या खाचरात कोणत्या वाटेने आणि किती जाईल, हे बांधावर अवलंबून असते. बांध फुटका असेल तर नको तेव्हाही पाणी गळत राहते. बांधाला वाटच नसेल तर पाणी जागच्या जागी मुरून जाते. प्रकाशग्राहकाचेही तसेच आहे. प्रकाश पडला की पदार्थातील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यांच्या मागे रिकाम्या जागा उरतात. इलेक्ट्रॉनावर ऋण भार असतो, तर ती रिकामी जागा धन भारासारखी वागते. हे दोघे पुन्हा एकत्र आले तर प्रकाशाने आणलेली वार्ता जागीच विरून जाते. त्यांना वेगळे करून एकास एका टोकाकडे आणि दुसऱ्यास दुसऱ्या टोकाकडे नेले, तरच तारेतून प्रवाह वाहतो आणि काटा हलतो. म्हणजे प्रकाश झेलणारा पदार्थ कितीही चांगला असो, त्याच्या सीमेवरचा बांध नीट नसेल तर त्याचा उपयोग होत नाही. गॅलेनाच्या त्या स्पर्शबिंदूत जगदीशचंद्रांना नकळत असा एक उत्तम बांध सापडला होता.

1901 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जगदीशचंद्रांचे व्याख्यान झाले. त्या सुमारास एका धनाढ्य व्यावसायिकाने त्यांना गाठले आणि शोधाचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेऊन नफ्यात निम्मा वाटा देण्याची तयारी दाखविली. ज्ञान विकून पैसा करावा, ही कल्पनाच जगदीशचंद्रांना रुचली नाही. त्यांनी नकार दिला. पण त्यांच्या हितचिंतकांना हा शोध त्यांच्या नावावर नोंदविला जावा असे वाटत होते. सारा बुल या अमेरिकन विदुषीच्या आग्रहाने अखेर अमेरिकेत अर्ज करण्यात आला आणि 29 मार्च 1904 रोजी एकस्व मंजूर झाले. अर्धसंवाहक पदार्थावर आधारलेल्या उपकरणासाठी दिल्या गेलेल्या जगातील अगदी पहिल्या एकस्वांत त्याची गणना होते. तथापि त्या एकस्वावर धन मिळविण्याचा प्रयत्न जगदीशचंद्रांनी केला नाही.

याच प्रयोगांनी त्यांना एका नव्या क्षेत्रात नेले. ग्राहक यंत्र फार वेळ काम करीत राहिले की त्याची संवेदनक्षमता कमी होते आणि थोडी विश्रांती मिळाली की ती परत येते, असे त्यांना आढळले. थकलेल्या स्नायूसारखेच हे वर्तन नव्हे काय? मग धातू, वनस्पती आणि प्राणी यांना सारखाच आघात दिला तर त्यांचा प्रतिसाद कसा उमटेल? ते लाजाळूकडे आणि इतर वनस्पतींकडे वळले. डोळ्यांना न दिसणारी त्यांची हालचाल हजारो पटींनी मोठी करून दाखविणारी नाजूक यंत्रे त्यांनी बनविली. प्रकाशामुळे झाडांची पाने आणि शेंडे कसे वळतात, याचेही त्यांनी सूक्ष्म मोजमाप केले. विलायतेतील काही ज्येष्ठ शरीरशास्त्रज्ञांनी त्यांना कडाडून विरोध केला. पदार्थविज्ञानाच्या माणसाने दुसऱ्याच्या प्रांतात शिरू नये, अशी त्यांची भूमिका होती. जगदीशचंद्र डगमगले नाहीत. त्यांनी प्रयोग पुनःपुन्हा करून दाखविले. सजीव आणि निर्जीव यांच्या साम्याविषयीचे त्यांचे सर्वच निष्कर्ष पुढील शास्त्रज्ञांनी मान्य केले असे नाही. परंतु वनस्पतींच्या शरीरातून विजेचे संदेश धावतात, हे त्यांचे निरीक्षण काळाच्या कसोटीस उतरले आहे.

1915 साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त झाले. 30 नोव्हेंबर 1917 रोजी, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यास एक संशोधनमंदिर स्थापन केले. तेच आजचे बोस इन्स्टिट्यूट होय. एकेकाळी ज्यांना लहानशा खोलीत काम करावे लागले, त्यांनी पुढच्या पिढीसाठी प्रशस्त प्रयोगशाळा उभारली. या मंदिरात लागलेले शोध सर्वांसाठी खुले राहावेत आणि त्यांवर कोणी एकस्व घेऊ नये, असे व्रत त्यांनी संस्थेला घालून दिले. 1920 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्वाचा मान दिला. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

जगदीशचंद्र गेले, तरी त्यांनी उघडलेली वाट पुढे चालूच राहिली. शिसे आणि गंधक यांच्या त्याच संयुगाचे पातळ थर पुढे अदृश्य उष्ण किरण टिपण्यासाठी वापरात आले. आज तर शास्त्रज्ञ कार्बनच्या संयुगांपासून प्रकाशग्राहक घडवितात. त्यांना सेंद्रिय प्रकाशग्राहक म्हणतात. ते कागदासारखे वाकविता येतात. बोटाला गुंडाळून नाडीचे ठोके मोजावेत, क्ष-किरणांचे चित्र टिपावे, अशा कामांसाठी त्यांचा उपयोग होतो. त्यांच्या मध्यभागी प्रकाश झेलणारा थर असतो. तो मनुष्याच्या केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी पातळ असतो. या थराच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन पातळ थर बसवितात. त्यांपैकी एक इलेक्ट्रॉनांना पुढे जाऊ देतो आणि रिकाम्या जागांना अडवितो. दुसरा याच्या उलट वागतो. जस्ताचा ऑक्साइड हा इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या थरासाठी नेहमी वापरला जाणारा पदार्थ आहे.

प्रकाशग्राहकाची योग्यता या दोन बाजूच्या थरांवरच मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. थर सदोष असेल, त्याला बारीक छिद्रे असतील, तर फुटक्या बांधातून पाणी गळावे तशी अंधारातही वीज गळत राहते. मग प्रकाश नसतानाही तो आहे, असे यंत्र खोटेच सांगू लागते आणि काजव्याएवढा मंद उजेड त्या गळतीत हरवून जातो. थर वाजवीपेक्षा जाड झाला तर विद्युत्‌भार वाटेतच अडखळतात. यंत्र मंद होते आणि प्रकाशाची भरभर होणारी उघडझाप त्याला ओळखता येत नाही. म्हणून थर किती जाड असावा, तो कशाचा असावा आणि तो मधल्या थराला कसा भिडावा, याचा शोध जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे. सारे काही स्पर्शाच्या जागी घडते, हे जे तत्त्व जगदीशचंद्रांना आपल्या लहानशा खोलीत उमगले होते, त्याचाच हा विस्तार होय.

या कामासाठी आता दूरदेशी जाण्याचीही आवश्यकता उरलेली नाही. 1962 साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. तेथील पदार्थविज्ञान विभागात काचेवर व धातूवर निरनिराळ्या पदार्थांचे पातळ थर बसविणे आणि प्रकाशाचा त्यांवर होणारा परिणाम तपासणे, हे संशोधन दीर्घकाळ चालत आले आहे. शाहूवाडीच्या खेड्यातून निघालेली एस. टी. काही तासांत कोल्हापुरास पोहोचते. ज्या मुलाने पडवीतील रोपटे झरोक्याकडे झुकलेले पाहिले, त्याला तेवढ्याच प्रवासाने या प्रश्नाच्या उत्तरापाशी जाता येते.

जगदीशचंद्रांनी अपुऱ्या साधनांची सबब कधी सांगितली नाही. अन्यायापुढे त्यांनी मान तुकविली नाही आणि यश मिळाल्यावर त्याचा बाजार मांडला नाही. एक लहान खोली, एक कुशल कारागीर, एक काळा दगड आणि उत्तर मिळेपर्यंत न थांबणारे मन, एवढ्या सामग्रीवर त्यांनी निर्जीव दगडाला प्रकाश ओळखावयास लावले. सह्याद्रीच्या रानात पावसाळ्यानंतर पहिले ऊन पडते, लाजाळूची मिटलेली पाने उघडतात, तेव्हा त्या साध्या दृश्यामागे केवढा मोठा प्रश्न दडला आहे, हे ज्याला जाणवेल, तो जगदीशचंद्रांचा खरा वारसदार ठरेल.